जुन्या मारुती ८०० चं सिलिंडर हेड घरी काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० घाटात तापली, तेव्हापासून रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय आणि गॅरेजवाल्याने हेड पॅकिंग (ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनचा खालचा भाग आणि हेड म्हणजे त्यावरचं झाकण, या दोघांमधलं सील) गेल्याचं सांगितलंय. हेड घरीच काढता येईल का, असं तुम्ही विचारताय. येईल. मी माझ्या ८०० चं हेड पडवीत दोनदा काढलंय. दुसरी वेळ आली ती पहिल्या वेळच्या एका चुकीमुळे, ती पुढे सांगतो.

आधी पॅकिंगच गेलंय याची खात्री करा, कारण पाणी होज पाइपातून किंवा वॉटर पंपातूनही जातं. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा आणि गाडी चालू करा. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. कुणाकडे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) असेल तर तेही लावा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलेलं असेल तर त्यांच्यामधली पॅकिंगची पट्टी जळाली आहे असं बहुतेक वेळा निघतं.

आता काम. गाडी रात्रभर उभी राहू द्या. हे हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. गरम हेडचे बोल्ट सोडले की ते वाकडं व्हायची भीती असते. आदल्या संध्याकाळी एक्झॉस्टच्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) घमेल्यात काढून घ्या. रेडिएटरबरोबर ब्लॉकमधलं पाणीही उतरवा, नाहीतर हेड उचलताना तेच सिलिंडरमध्ये सांडतं. घमेल्यावर लगेच झाकण ठेवा. कूलंट चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरं ते पितात आणि त्याने मरतात.

पेट्रोलचा पाइप काढला की त्याचं तोंड बंद करा आणि आसपास विडी-काडी नको. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येकीवर आणि ती जिथे बसते तिथे एकच आकडा लिहून चिकटपट्टी लावा. मोबाइलवर फोटो काढाच, पण काळवंडलेल्या इंजिनच्या फोटोत नळी कुठे गेलीय ते कळत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या वायरींनाही तसेच आकडे घाला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम, १-३-२ आहे.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी क्रँक (पिस्टन हलवणारा खालचा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) दोन्हींच्या खुणा जुळवून घ्या आणि पांढऱ्या रंगाने ठळक करा. स्पार्क प्लग काढलेले असले की क्रँक हाताच्या पान्याने सहज फिरतो. बेल्ट निघाल्यावर मात्र क्रँक किंवा कॅम उगाच फिरवू नका.

हेडचे ८ बोल्ट सोडताना घाई नको. दोन्ही टोकांकडून सुरुवात करून मध्याकडे यायचं, एका वेळी पाव फेरा, असे दोन-तीन हात. पान्याची गोटी (सॉकेट) बोल्टवर पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नका. पहिला बोल्ट कर्रर्र आवाज करून सुटतो, पोटात धस्स होतं, पण तो आवाज नेहमीचाच. बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढा, भोकं पाडा आणि बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा.

बोल्ट निघाले तरी हेड हलत नाही. माझी चूक इथे झाली. मी फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून हेड उचकटलं. मऊ ॲल्युमिनियमवर पाण्याच्या भोकापासून कडेपर्यंत नखात अडकेल एवढी चीर पडली. नवं पॅकिंग घातलं, पंधरवड्यात तिथूनच पाणी झिरपायला लागलं आणि सगळं पुन्हा उघडावं लागलं. म्हणून सांगतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (हेडमधून धूर बाहेर नेणारा जाड लोखंडी फाटा) हेडलाच राहू द्या, फक्त खालचा पाइप सोडवा. मॅनिफोल्ड धरून हेड हलकं डुलवता येतं. तरीही चिकटून बसलं तर हेडच्या जाड भागावर लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोका. सुटलं की सरळ वर उचला, बाजूला सरकवू नका. दुसरा माणूस हाताशी असू द्या आणि हेड लाकडी पट्ट्यांवर ठेवा. ते पालथं थेट फरशीवर ठेवलं तर उघडे व्हॉल्व्ह वाकू शकतात.

मग थांबा आणि नीट बघा. तीनपैकी एका पिस्टनचा माथा धुतल्यासारखा स्वच्छ आणि बाकीचे काजळीने काळे असतील, तर पाणी त्या स्वच्छ सिलिंडरमध्ये जात होतं, तिथे वाफेनेच कार्बन निघून जातो. जुनं पॅकिंग टाकू नका, जळालेली जागा लेथवाल्याला दाखवा.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून खालच्या फटीत फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) घाला. ०.०५ मिमीची पात आत गेली तर हेड वाकलंय. तापलेल्या गाडीचं हेड मी तरी तपासल्याशिवाय परत बसवणार नाही. लेथवाल्याकडून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि लागेल तेवढंच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करायला सांगा. ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं असलं तरी पॅकिंग अजून मिळतं. पुण्यात असाल तर नाना पेठेत विचारा.

ब्लॉक साफ करताना पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर वापरू नका, त्यातून सुटणारी कुरुंदाची भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचते. प्लास्टिकची खरवडणी आणि थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पुरतं. बोल्टच्या भोकांतलं पाणी-ऑइल फडक्याने टिपून कोरडं करा. भोकात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर त्याला बाहेर पडायला वाट नसते, त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

बसवताना क्रम उलटा, मध्यापासून टोकांकडे, आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) हवाच. किती जोराने आवळायचं तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. बेल्ट चढवल्यावर, प्लग लावण्याआधी, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर न लावता थांबा आणि खुणा पुन्हा जुळवा.