वणवा नीट हाताळला की नाही, हे सामान्य माणसाने कसं ठरवायचं? गडचिरोलीत एवढे फायर अलर्ट येतात, मग वनखातं फेल म्हणायचं का?

तुमच्या प्रश्नाचा सूर असा, की अलर्ट ढिगानं येतात आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालला हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं तसं इथं येत नाही, म्हणजे खातं झोपलेलं. मी याच जिल्ह्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल होऊन निवृत्त झालो. अलर्ट मोजून मार्क देणारे साहेब नोकरीत फार सोसले, त्यामुळे उत्तर लांबेल.

अलर्ट म्हणजे वणवा नव्हे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून येणारा मेसेज उपग्रहाला दिसलेल्या उष्णतेच्या ठिपक्याचा असतो. मोडिस आणि व्हिअर्स ही उपग्रहांवरची उष्णता टिपणारी उपकरणं. मोडिसचा ठिपका एक किलोमीटरचा, नंतर आलेल्या व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. व्हिअर्सवाले उपग्रह वरून जातात दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. चार वाजता लागलेली आग त्यांना रात्रीशिवाय दिसायची नाही. शेतकऱ्यानं भर दुपारी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवला, तर तो मात्र बरोबर दिसतो.

एका एप्रिलमध्ये असंच झालं. मेसेज आला आणि नकाशावर जागा बघताच मी ओळखलं, हे जंगलाला लागून असलेलं शेत, तुरीच्या तुराट्या जाळल्या असणार. तेवढ्यात वनमजुराचा निरोप, की नाल्यापलीकडं मोहाच्या झाडाखालची आग बांबूच्या बेटांकडं निघालीय. तिचा मेसेज नाही, काही नाही. मी शेत सोडलं आणि नाला गाठला. पाला उडवायचे दोन ब्लोअर होते, त्यातला एक सुरूच होईना. उन्हात आगीच्या तोंडाला जाण्यात अर्थ नसतो. नाल्यापासून बैलगाडीच्या वाटेपर्यंत पाला मागं सारत जमीन उघडी केली आणि ऊन उतरल्यावर वाटेकडून उलटी आग लावली, म्हणजे येणाऱ्या आगीला जाळायला पुढं काही उरू नये. बाजूंनी माणसं ओल्या डहाळ्यांनी झोडपत होती. सगळं आटोक्यात आलं असं वाटत असताना एक पोकळ ऐनाचं झाड आतून पेटलं. वर शेंड्यातून धुराड्यासारखा धूर, आणि ठिणग्या आमच्या पट्टीच्या पलीकडं. बुडाशी माती लोटत बसलो. रात्री दोघांना तिथंच ठेवलं, कारण विझलेलं खुंट दुसऱ्या दिवशी वारा सुटला की परत पेटतं. बांबू वाचला.

बक्षीस काय, तर कारणे दाखवा नोटीस. अलर्टच्या ठिकाणी वेळेत पोचलो नाही म्हणून! साहेबांना पोर्टलवर माझा ठिपका प्रलंबित दिसत होता. मी म्हटलं, साहेब, तिथं जंगलच नाही. ते म्हणाले, रिपोर्टमध्ये आहे ना? जी आग रिपोर्टमध्ये नव्हती, तिच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नोटिशीचं उत्तर फाइलला लागलं. साहेब बदलून गेले. पुढं ते कुठं भेटले तरी मी हेच सांगणार.

तर ठरवायचं कसं? आग लागल्यावर काय केलं हे शेवटी विचारा. आधी विचारा, जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे केलेले पट्टे, कधी झाल्या? आपल्याकडं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा कापून, वाळलेलं गवत जाळून तयार हव्यात. मार्चमध्ये केलेली जाळरेषा बिलापुरती. माहिती अधिकारात मोजमापाच्या तारखा मागा आणि फायर वॉचरची, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्या मजुराची, मजुरी कधी दिली तेही मागा. दिवाळीपर्यंत पैसे न मिळालेला माणूस पुढच्या वर्षी धावत येईल, ही अपेक्षाच चूक.

दुसरं म्हणजे मोह. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तिथून आग सुटते, हे इथं पोरालाही माहीत आहे. एका मावशीनं मला तोंडावर विचारलं होतं, "गार्डबाबू, पाला नाई जाळला त फूल दिसन कसं?" प्रश्न रास्त होता. पाला झाडून एका जागी ढीग करा, आम्ही उभं राहून जाळतो, किंवा झाडाखाली जाळी बांधा, असं त्या गावात जाऊन कोणी सांगितलं का? वन कायद्याच्या कलम ७९ प्रमाणं जंगलात हक्क असलेल्या लोकांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. ते कलम दाखवून माणसं आलेली मी तरी पाहिली नाहीत. गुन्हे दाखल करून आकडा वाढतो आणि पुढच्या आगीची खबर कोणी देत नाही.

हेलिकॉप्टरचं म्हणाल, तर त्याला खाली लटकवलेल्या बादलीत साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी. नैनीतालला ते भीमताल तलावातून उचलून टाकलं. आमच्याकडं पानगळीच्या जंगलात आग जमिनीवर पाल्यातून सरकते. तिला वरून पाणी टाकण्यापेक्षा चालू असलेला ब्लोअर आणि खिशात मजुरी असलेली माणसं बरी.

हे सगळं गडचिरोलीपुरतं. उत्तराखंडात चीड या सूचीपर्णी झाडाच्या सुया तेलकट आणि उतार उभे, तिथं माणूस चढत नाही, हेलिकॉप्टर लागतं. २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या डोंगरांतही ते लागलं. आणि अलर्ट अगदीच निरुपयोगी आहेत असंही नाही. जिथं गस्तच नाही तिथं तेवढाच आधार. पण तुमच्या भागात अलर्ट शून्य असले, तर खुश होण्याआधी एकदा स्वतः जाऊन जळालेली खुंटं आहेत का ते बघून या.