फराळाच्या परवान्याआधी तुमचा व्हिसा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला भाड्याच्या घरात राहतो. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी जोडीदाराच्या एच-४ वर. त्यांची आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका) मंजूर आहे, पण मी वर्क परमिट कधी काढलं नाही. गेल्या दोन दिवाळींना ओळखीपाळखीत फराळ करून दिला, पैसे यजमानांच्या बँक खात्यात 'झेल'ने (फोनवरून पैसे पाठवायची सोय) आले. जूनमध्ये भारतातून परतल्यापासून काही विकलेलं नाही. यंदा ६० डब्यांची ऑर्डर आहे, काहींनी आगाऊ पैसेही दिलेत. एक किराणा दुकानदार चकलीची पाकिटं ठेवायला तयार आहे, पेनसिल्व्हेनियातली नणंद कुरिअरने मागतेय. परवा ग्रुपवर एकीने विचारलं, "परमिट आहे का?" घरगुती परवाना काढला की सगळं नियमात बसेल ना?

उत्तर: नाही बसणार, ताई. ग्रुपवरच्या बाईंनी विचारलं ते स्वयंपाकघराच्या परमिटबद्दल. तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न तुमच्या व्हिसाचा आहे, आणि तो त्यांनी विचारला नाही हे तुमचं नशीब.

एच-४ वर तुम्हाला इथे राहता येतं, शिकता येतं. वर्क परमिटशिवाय कमावता येत नाही. कमावणं म्हणजे फक्त नोकरी नव्हे, घरच्या ओट्यावर चकल्या तळून विकणं हेही त्यात आलं. "फक्त सामानाचा खर्च घेते" हे माझ्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई सांगते. पण डब्याला दर ठरलेला, ऑर्डरींची यादी तयार, आगाऊ पैसे जमा, एवढं दिसल्यावर ते मैत्रीखातर केलं हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड जातं. पैसे यजमानांच्या खात्यात घेतल्याने तर काहीच सुटत नाही. एच-१बी वाल्यालाही फक्त आपल्या कंपनीचंच काम करता येतं. म्हणजे एकाऐवजी दोघांच्या कागदांवर प्रश्नचिन्ह.

घाबरून मेसेज पुसत बसू नका. उलट दोन्ही वर्षांत किती दिवस विक्री झाली, किती पैसे आले, ते एका कागदावर मांडा. नोकरीमार्गे ग्रीन कार्ड मागणाऱ्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना कायद्यात थोडी सवलत आहे: शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतर विनापरवाना काम वगैरे मिळून १८० दिवसांहून जास्त झालेलं नसेल, तर निव्वळ तेवढ्यावर अर्ज अडत नाही. तुम्ही जूनमध्ये परत आलात आणि त्यानंतर विक्री शून्य, ही जमेची बाजू. पण ग्रीन कार्डच्या फॉर्मवर 'कधीही विनापरवाना काम केलं का' असं विचारतात, आणि तिथे खोटं 'नाही' लिहिणं हे फराळ विकण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं. म्हणून तो कागद घेऊन इमिग्रेशन वकिलाकडे एकदा बसाच. त्या पैशांवरचा कर भरला होता का, हेही तेव्हाच निघेल. भरला असला तरी काम कायदेशीर ठरत नाही. नसला तर तो हिशेब वेगळा.

तुमची खरी वाट मोकळीच आहे, आणि ती तुम्ही इतकी वर्षं वापरली नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं. आय-१४० मंजूर असलेल्यांच्या जोडीदाराला २०१५ पासून वर्क परमिट मिळतं. अर्ज आय-७६५ या फॉर्मवर करायचा. वर्क परमिटचं कार्ड हातात आलं की स्वतःचा धंदासुद्धा चालतो. मात्र अर्ज टाकला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा अर्ज केला तरी जुन्या कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही, तेव्हा पुढेही तारखा सांभाळा.

आता स्वयंपाकघर. घरी केलेले पदार्थ विकायची मुभा देण्यात न्यू जर्सी सगळ्या राज्यांत शेवटची. तीही २०२१ च्या ऑक्टोबरात, घरगुती बेकरीवाल्यांनी कोर्टात भांडल्यावर. परवाना राज्याच्या आरोग्य खात्याचा, १०० डॉलर, दोन वर्षांसाठी. आधी अन्नसुरक्षेची परीक्षा पास व्हायची. वर्षाची विक्री ५०,००० डॉलरच्या आत.

विकायचं ते फ्रिजबाहेर सुरक्षित राहणारंच. म्हणजे श्रीखंड बाद, ओल्या नारळाच्या करंज्या बाद, पुरणपोळीही धरू नका. नानखटाई, गोडा मसाला यांना अडचण नसावी, कारण बिस्किटं आणि सुके मसाले आरोग्य खात्याच्या मंजूर यादीत आहेत. चकली आणि बेसन लाडू नावाने यादीत नाहीत. त्यांची कृती खात्याला कळवून लेखी मंजुरी घ्यावी लागेल. चकली म्हणजे काय हे इंग्रजीत समजावून सांगताना जरा मजा येईल.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आणि ॲलर्जीचे पदार्थ स्पष्ट: चकलीतले तीळ (२०२३ पासून तेही सक्तीचे), चिवड्यातले दाणे, लाडवातले काजू, आणि तूप म्हणजे दूधच. हे घरच्या, खात्याने न तपासलेल्या स्वयंपाकघरात बनलं आहे, अशी ठरलेली ओळही हवी.

विक्री थेट खाणाऱ्याला, राज्याच्या हद्दीतच. दुकानदाराला नम्रपणे नाही सांगा. नणंदेला विकत पाठवता येणार नाही. भेट म्हणून डबा द्या, त्याला कोणाची हरकत नाही. घर भाड्याचं आहे, तेव्हा करारात धंद्याबद्दल काय लिहिलंय तेही काढून वाचा.

या दिवाळीचं म्हणाल तर ६० डब्यांची ऑर्डर आजच रद्द करा आणि आगाऊ रक्कम ज्याची त्याला, ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत करा, म्हणजे नोंद राहील. ग्रुपवर "यंदा जमणार नाही" एवढंच लिहा. परमिटची चर्चा तिथे नको.