खरचटल्यावर त्वचेच्या पेशींना वाट कशी सापडते?

तुम्ही विचारलंय, खरचटल्यावर नवी कातडी मधून उगवते की कडेने सरकत येते, आणि सरकत असेल तर पेशींना दिशा कशी कळते.

दोन्ही होतं. पहिल्या पावसात माझी गाडी पुलाच्या उतारावर घसरली आणि हाताची सालटं निघाली (पुण्यात गाडी चालवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही). चार-पाच दिवसांनी कडेने गुलाबी पट्टी आत येत होतीच, पण मधेही ठिपके दिसायला लागले. केसांच्या मुळांपाशी वाचलेल्या पेशींची ती बेटं. खोल भाजतं तेव्हा ही मुळंही जातात आणि सगळी भिस्त कडेवर येते. मोठ्या भाजलेल्या जखमेला त्वचारोपण लागतं ते त्यामुळे.

आता दिशेचं. एम.एस्सी.ला असताना मी केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी, प्लेटमध्ये वाढवायचे. थर भरला की पिपेटच्या टिपने ओरखडा काढायचा आणि दर काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली फोटो. वेगळं काही न घालताही कडा पुढे सरकायची. शेजार रिकामा झाला, हीच पहिली खबर. पेशी बुडाची पकड सैल करते, मोकळ्या बाजूला पातळ पदर पसरते, पदराच्या टोकाशी अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे वाढत जातात, मागची पकड सुटते आणि अंग पुढे ओढलं जातं. तेही एकटीने नाही, शेजारणींना धरून. पालखीच्या दिवशी फर्ग्युसन रस्त्यावर दिंडी सरकते ना, तसं. फक्त इथले पताकावाले मधेच बदलतात.

पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमात ईजीएफ (पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन) घातलं की ओरखडा आणखी लवकर बुजायचा. हे प्रथिन स्टॅनली कोहेन यांना उंदरांच्या लाळग्रंथीत सापडलं. ग्रंथीचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत, तिथून त्यांनी माग काढला. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-माँटाल्चिनी यांना मिळालं. (माणसाच्या लाळेतही ईजीएफ असतं, पण म्हणून जखम चाटू नका. तोंडात जंतूही मुबलक असतात.)

"बघा, पेशी ईजीएफकडे धावतायत," असं मी मोठ्या ऐटीत सरांना सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. ईजीएफ तर प्लेटभर सारखंच आहे, मग 'कडे' म्हणजे कुठे? आणि या पेशी चालल्या, की नुसत्या विभागून संख्येने वाढल्या? मी गप्प. मग विभाजन थांबवणारं मायटोमायसिन घालून पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं.

तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. वेग वाढणं वेगळं आणि दिशा मिळणं वेगळं. दिशेसाठी एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ असा उतार लागतो. जखमेत बिंबाणू (प्लेटलेट) पीडीजीएफ हे असंच इशारा देणारं प्रथिन सोडतात, ते उगमापाशी दाट असतं, आणि खालच्या थरातले फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेचे आधाराचे तंतू बनवणाऱ्या पेशी, त्या चढाने वर येतात. पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राहक (इशारा टिपणारी प्रथिनं) ज्या बाजूला जास्त भरतात, पदर त्या बाजूला फुटतो.

केराटिनोसाइटना आणखी एक खूण मिळते, आणि मला सगळ्यात आवडते ती हीच: वीज. शाबूत त्वचेच्या आत-बाहेर विद्युतदाबाचा फरक असतो. कातडी फाटली की तिथून बारीकसा प्रवाह गळतो. एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८४३ मध्ये स्वतःच्या कापलेल्या बोटातून तो मोजला होता. जखमेचा मध्य ऋण बाजू ठरतो आणि प्लेटमध्ये विद्युतक्षेत्र दिलं की केराटिनोसाइट ऋण बाजूकडेच वळतात.

"जखम उघडी ठेव, सुकू दे," हे घरोघरी ऐकू येतं. ते मात्र पटत नाही. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या उथळ जखमा झाकून ओल्या ठेवल्या, तर त्यांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. खपली धरली की पेशींना तिच्याखालून, ओल असेल तिथून, वाट कोरत जावं लागतं. माझ्या हातावर मी स्वच्छ धुऊन व्हॅसलीन आणि पट्टी लावली होती. आईला अजूनही ते मान्य नाही.