रक्ताच्या टेस्टवरून मुलीला टीबीची औषधं दिली, आता केस होते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलीचा ताप-खोकला जात नव्हता म्हणून प्रायव्हेट डॉक्टरांनी रक्तातली टीबीची टेस्ट करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली, एकेटी म्हणजे टीबीची औषधं चालू केली, मग कावीळ झाली आणि दुसऱ्या डॉक्टरांनी टीबी नाहीच म्हणून औषधं बंद केली. केस होऊ शकते, पण आधी लॅबचा रिपोर्ट काढा आणि टेस्टचं नाव वाचा.

तिथे 'टीबी आयजीजी, आयजीएम, एलायझा' असं काही असेल तर ती अँटीबॉडी टेस्ट, म्हणजे शरीराने रोगाविरुद्ध बनवलेली प्रथिनं रक्तात शोधणारी. ती भरवशाची नाही, टीबी नसताना पॉझिटिव्ह येते आणि असताना निगेटिव्ह, म्हणून डब्ल्यूएचओने २०११ मध्ये ती वापरू नका असं सांगितलं आणि आपल्या केंद्र सरकारने ७ जून २०१२ ला तिच्यावर बंदीच घातली, किट बनवणं, विकणं, वापरणं सगळ्यावर. एवढं होऊनही लेकरांना याच रिपोर्टवर एकेटी लावत असतील तर खरंच संताप येतो. पण रिपोर्टवर 'टीबी गोल्ड' किंवा 'इग्रा' असेल तर थांबा, तीही रक्ताचीच पण अँटीबॉडीची नाही, तिच्यावर बंदी नाही.

दुसरं म्हणजे केस पेपर. नुसतं निदान चुकलं म्हणून निष्काळजीपणा ठरत नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, त्यामुळे डॉक्टर म्हणणार की मी एक्स-रे, घटलेलं वजन, घरातला पेशंट हे बघून औषध दिलं, आणि ते पेपरवर असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. नळीने जठरातलं पाणी काढून सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट, का केली नाही हे मात्र विचारता येतं. पेपरवर फक्त रक्ताचा रिपोर्टच असेल तर केस मजबूत. रेकॉर्ड लेखी मागा, पोच घ्या, ७२ तासांत द्यावं लागतं.

मग तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार, २ वर्षांच्या आत. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. लॅबची तक्रार वेगळी, एफडीएकडे म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे. पोलिसात लगेच धावू नका, सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालामुळे तिथे आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. त्यापेक्षा ज्यांनी औषधं बंद केली त्यांच्याकडून कारण लेखी घ्या, काविळीचे एलएफटी (लिव्हरच्या तपासणीचे) रिपोर्ट आणि लॅबचं बिल जोडा, आणि ओरिजिनल कागद कुणालाही देऊ नका, मलासुद्धा झेरॉक्सच पाठवा.