ब्रेडेड चिकनचे आवरण तेलात का सुटते?

घरी ब्रेडेड चिकन तळताना चुऱ्याचे आवरण सुटून तेलात पसरते आणि बाहेरून करपले तरी आतला भाग कच्चा राहतो, असे आपण विचारले आहे. आपण मसाल्याला किंवा ब्रेडच्या चुऱ्याला दोष देत आहात, पण माझ्या मते पहिल्या तक्रारीचे मूळ चिकनवर राहिलेल्या पाण्यात आहे. तेलात पडताच त्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना आवरणाला मांसापासून सोडवते. आपल्याकडे चिकन म्हटले की दही आणि आले-लसणाचे वाटण चोळून ठेवण्याची सवय असते. रश्श्यासाठी ती उत्तम, येथे मात्र तीच नडते. मसाला हवाच असेल तर वाटण कमी पाण्याचे ठेवावे, तासाभराने ते निपटून काढावे आणि तुकडे टिश्यूपेपरने टिपून चांगले कोरडे करावेत.

आतून कच्चे राहण्याचे कारण बहुधा जाडीत असते. बोनलेस ब्रेस्टचा मधला भाग फुगीर असतो, म्हणून तो आडवा चिरून, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने हलक्या हाताने ठोकावा आणि सगळीकडे साधारण एक सेंटीमीटर जाडीचा करावा.

त्यानंतर मैदा, फेटलेले अंडे आणि चुरा हा क्रम बदलू नये. मैदा पृष्ठभागावरची उरलीसुरली ओल शोषतो आणि अंड्याला धरायला खरबरीतपणा देतो. अंडे उष्णतेने घट्ट होऊन चुरा चिकटवून ठेवते. जास्तीचा मैदा झटकून टाकावा, कारण त्याचा जाड थर अंड्याखाली कोरडाच राहतो आणि तेथूनच आवरण सुटू लागते. अर्धा किलो चिकनला दोन अंडी पुरतात. एक हात कोरड्या जिन्नसांसाठी आणि दुसरा अंड्यासाठी राखला, तर बोटांवर पिठाचे गोळे होत नाहीत.

चुऱ्यासाठी शिळा लादीपाव कमी आचेवर कोरडा करून मिक्सरमध्ये जाडसर फिरवला, तर तो विकतच्या बारीक चुऱ्यापेक्षा मला अधिक कुरकुरीत वाटतो. गोडसर ब्रेड मात्र टाळावा, कारण साखरेमुळे तो लवकर काळा पडतो. काही जण बांगड्यासारखा रवा लावतात. तेही चालते, पण त्याचा कडकपणा मला माशालाच शोभतो असे वाटते. चुरा तळहाताने दाबून बसवल्यावर तुकडे वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे मैदा ओल शोषून थर एकजीव होतो. घाईत हीच पायरी गाळली जाते.

तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर चुरा टाकून पाहावा: तो लगेच फेसाळत वर यावा, पण क्षणात काळपट होऊ नये. एका वेळी दोनच तुकडे सोडावेत, कारण कढई भरली की तेल थंड होते आणि आवरण तेल पिते. एवढ्या जाडीला प्रत्येक बाजूस सुमारे तीन मिनिटे लागतात. मधल्या भागाचे तापमान ७४ अंशांवर गेले की चिकन खात्रीने शिजलेले असते. पहिली बाजू सोनेरी होऊन घट्ट होईपर्यंत झाऱ्याने हलवू नये. तळलेले तुकडे कागदावर न ठेवता जाळीवर निथळत ठेवावेत, अन्यथा खालची बाजू स्वतःच्याच वाफेने मऊ पडते.