तीसपैकी सतरा म्हणजे मेंदू बिघडला का?

प्रश्न : ताई, धाकटा भाऊ मारामारीच्या केसमध्ये जेलात आहे. मागं कापसाच्या बंडीवरून डोक्यावर पडला, तवापासून लय भडकतो. कोर्टानं तपासणीला पाठवलं. तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, आकृती काढायला लावली. तीसपैकी सतरा आले. आमचा वकील म्हणतो सुटेल, सरकारी वकील म्हणतो सोंग आहे. भाऊ दुसरीपर्यंतच शिकला. खरं काय समजायचं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, दोन्ही वकिलांनी घाई केली. तुमच्या वर्णनावरून ही एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा यांची झटपट तपासणी) दिसते. १९७५ साली अमेरिकेत झालेली, दहा मिनिटांची चाचपणी. २४च्या खाली आलं तर शंका घ्यायची, निदान करायचं नाही. सात-सात वजा करण्याचेच पाच गुण असतात. शिवाय वाचणं, एक वाक्य लिहिणं आलंच. दुसरीत शाळा सुटलेल्याचे गुण धड मेंदू असूनही जातात. तारखेऐवजी पोळ्याला किती दिवस राहिले ते विचारलं असतं, तर कदाचित पटकन सांगितलं असतं! हरयाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर गावकऱ्यांसाठी म्हणूनच हिंदीत वेगळी चाचणी बेतावी लागली.

आता हिशेब बघा. समजा, एखादी चाचणी बिघाड असलेल्या शंभरांतले ८० पकडते आणि नसलेल्या शंभरांतले ८० सोडते. जेलातून आलेल्या १०० जणांत २० जणांनाच खरा बिघाड असेल, तर १६ सापडतील. पण उरलेल्या ८० धडधाकटांतलेही १६ त्यांच्यासोबत अडकतील. म्हणजे शिक्का बसलेले निम्मे चुकीचे, आणि खरे चार निसटले ते वेगळेच. कपाळामागच्या भागाला मार लागून राग आवरेनासा झालेला माणूस तर या चाचणीत छान गुण मिळवू शकतो. तुमच्या भावाच्या बाबतीत मला हीच काळजी जास्त वाटते.

कमी गुण म्हणजे सोंग, हेही खोटं. सोंगाची चाचणी निराळी : चित्रं दाखवायची, मग जोडीतलं पाहिलेलं कोणतं ते विचारायचं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी बरोबर येतात. त्याहून फारच कमी आली, तर मुद्दाम चुकवतोय.

कोर्टाला मात्र मारामारीच्या वेळची मनःस्थिती बघायची असते (भारतीय न्याय संहिता, कलम २२; जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ८४). आजचे सतरा गुण त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. वकिलांना सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी (मेंदूचं स्मरण, लक्ष, विचार यांचं काम नीट तपासणारी) मागायला सांगा, मराठीतून, शिक्षण दुसरी हे लिहून. पडला तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन काढून ठेवा. घरी नसेल तर त्या दवाखान्यात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.