बाटलीभर पाण्यावरून कासवाचं घर कळत नाही

प्रश्न : काशीला गेलो होतो, नावाडी म्हणाला इथे पूर्वी कासवांचं अभयारण्य होतं, आता नाही. मुलगी एन्व्हायर्नमेंट सायन्सला आहे, तिला अशाच एखाद्या जागेवर प्रोजेक्ट करायचाय. बाटलीत पाणी भरून लॅबला दिलं की झालं ना? तिचे सर म्हणतात गाळपण घ्या. तो कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नावाडी खरं बोलला. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत ७ किलोमीटरचा पट्टा १९८९ मध्ये राखीव केला होता, आयडिया अशी की चंबळकडून अंडी आणायची, सारनाथला पिल्लं वाढवायची आणि गंगेत सोडायची, म्हणजे ती अर्धवट जळलेली प्रेतं खाऊन पाणी साफ ठेवतील (कासवांना कोणी विचारलं नव्हतं अर्थात). २०२० मध्ये तो दर्जा काढला.

आता सरांचं. त्यांचं ऐका. मऊ पाठीचं कासव दिवसातला बराच वेळ चिखलात रुतून नुसतं तोंड बाहेर काढून बसतं, आणि पाण्याखाली असताना कातडीतून, घशाच्या आतल्या अस्तरातून थोडा ऑक्सिजन घेतं, म्हणजे गाळ हे त्याचं अंथरूणच झालं. पाणी आज इथे, उद्या बक्सरला. गाळात मात्र वरून आलेलं सगळं साठत जातं, कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांतलं क्रोमियमसुद्धा, आणि असे धातू बारीक मातीला चिकटतात, जाड वाळूला फारसे नाहीत, म्हणून नदीकाठच्या वाळवंटातली वाळू नेऊन 'सगळं ओके' असा रिपोर्ट आणू नका, संथ पाण्यातला, नाल्याच्या तोंडाखालचा बारीक गाळ घ्या आणि तुलनेला नाल्याच्या वरच्या अंगाचापण. धातू बघायचे तर प्लास्टिकचा चमचा, स्टीलचा नको. वर तपकिरी पातळ थर, खाली काळं आणि सडक्या अंड्याचा वास आला तर खाली ऑक्सिजन संपलाय हे नाकालाच कळतं.

पाण्याचं म्हणाल तर विरघळलेला ऑक्सिजन होडीतच फिक्स करावा लागतो, म्हणजे लॅबला पोचेपर्यंत तो बदलत नाही. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन केमिकल्स टाकली की साका बसतो, तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर बोंब. आंघोळीच्या पाण्याचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा ऑक्सिजन खातात तो) ३ मिलिग्रॅमच्या आत. पण दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, आकडा छान येतो, पहाटे तोच घसरतो, त्यामुळे दुपारी एकदाच जाऊन आलेल्यांवर माझा विश्वास नाही! दोन्ही वेळा घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतरपण.

आणि हो, निवडलेली जागा राखीव असेल तर तिथे उतरायच्या आधी वन खात्याची लेखी परवानगी घ्या, त्याला वेळ लागतो, आत्ताच अर्ज टाका. वाळूच्या काठावर घरटी असतात, तिथे खणू नका.